नवे खेळाडू येतात आणि दहा मिनिटांत जातात: सर्व्हर स्टाफसाठी समस्या निवारण

दर मे महिन्यात हीच तक्रार. परीक्षा संपतात, सुट्ट्या लागतात आणि माइनक्राफ्टच्या सर्व्हायव्हल सर्व्हरवर रोज नवी नावं दिसायला लागतात. कुणी यूट्यूबवर पाहून आलेलं असतं, कुणाला मामेभावाने आयपी, म्हणजे सर्व्हरचा पत्ता, पाठवलेला असतो. जॉइन होतात, जरा इकडेतिकडे करतात आणि गायब. पुन्हा फिरकत नाहीत. मग स्टाफच्या ग्रुपवर नेहमीची चर्चा: स्पॉन (नवा खेळाडू उतरतो ती जागा) नवा बांधू या, क्रेट (बक्षिसांच्या पेट्या) टाकू या, सर्व्हरला व्होट करणाऱ्याला जास्त बक्षीस देऊ या. महिनाभर खपून नवा स्पॉन उभा राहतो, आणि पुढच्या सुट्टीत पोरं त्या नव्या स्पॉनवरून निघून जातात.

अशा सर्व्हरवर स्टाफचं काम बघून बघून माझं एक मत पक्कं झालंय. स्टाफ निवडला जातो आणि तयार केला जातो तो त्रास देणाऱ्यांना पकडायला. जमिनीखालचे हिरे दाखवणारा एक्स-रे कोण लावतंय, कुणाचं घर कुणी फोडलं, शिव्या कोण देतंय. या कामात तयार झालेल्या नजरेला नवखा आणि उपद्रवी सारखेच दिसतात. दोघंही दुसऱ्याच्या शेतातलं पीक उपटतात, अर्धी झाडं तोडून वरचा भाग हवेत लटकत ठेवतात, भलत्याच्या दारावर ठोकत बसतात, 'ओपी द्या ना दादा' म्हणतात (ओपी म्हणजे सर्व्हरवरचे सगळे अधिकार). मॉडला, म्हणजे मॉडरेटरला, पॅटर्न ओळखीचा वाटतो आणि तोंडातून पहिलं वाक्य निघतं ते दटावणीचं. खालचे सगळे उपाय कुठून ना कुठून या नजरेपाशीच येतात.

पुढचं सगळं पेपर या सर्व्हर सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या, माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीच्या सर्व्हरला धरून आहे. सोबत हे प्लगइन: इसेन्शल्सएक्स (रोजच्या कमांड आणि किट), ग्रीफप्रिव्हेन्शन (जमीन क्लेम करणं, म्हणजे आपल्या नावावर राखून ठेवणं), वर्ल्डगार्ड (ठरावीक भाग राखणं), कोअरप्रोटेक्ट (कुणी काय केलं त्याच्या नोंदी), लकपर्म्स (परवानग्या), आणि मोबाइलवरून येणाऱ्यांसाठी गीझर व फ्लडगेट. आपल्याकडच्या बहुतेक सर्व्हरचा संच थोड्याफार फरकाने हाच असतो. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

आधी नेमकं कोण जातंय ते शोधा

'खूप जण जातात' ही तक्रार झाली, माहिती नाही. वर्ल्डच्या फोल्डरमधल्या स्टॅट्समध्ये प्रत्येक खेळाडूची एक जेसन फाइल असते. तिच्यात दोन आकडे बघा. 'प्ले टाइम' टिकमध्ये, म्हणजे गेमच्या ठोक्यांत, मोजलेला असतो. सेकंदाला २० टिक, म्हणजे दहा मिनिटांचे १२,०००. दुसरा आकडा 'लीव्ह गेम', म्हणजे सर्व्हर किती वेळा सोडला. ज्याचा लीव्ह गेम १ आणि प्ले टाइम १२,००० च्या आत, तो आपला माणूस. तो आला, दहा मिनिटं थांबला नाही आणि परतही आला नाही. स्क्रिप्ट लिहिता येत असेल तर पाच मिनिटांत यादी निघते, येत नसेल तर गेल्या पंधरा दिवसांच्या फाइली हाताने उघडल्या तरी पुरे.

आता या यादीतल्या एकेकाची दहा मिनिटं वाचून काढा. कोअरप्रोटेक्ट आपण चोर पकडायला लावलेला असतो, पण तो चॅट, कमांड आणि आत-बाहेर जाण्याच्या वेळाही नोंदवतो. 'को लुकअप' ला खेळाडूचं नाव आणि वेळ द्या, ॲक्शनमध्ये एकदा चॅट, एकदा कमांड आणि एकदा सेशन घाला. नुसती लॉग फाइल उघडली तरी प्रत्येकाने दिलेल्या कमांड तिथे सापडतात, चुकीच्या टाइप केलेल्यासुद्धा. त्या चुकीच्या कमांडच जास्त बोलतात. माणूस काय शोधत होता ते त्यांत दिसतं.

अशा नोंदी साधारण कशा असतात त्याचा एक नमुना:

दुपारी २:१२ – जॉइन
२:१४ – चॅट: हाय
२:१४ – चॅट: कोणी आहे का
२:१५ – चॅट: झाड तुटत नाहीये
२:१६ – कमांड: हेल्प
२:१६ – कमांड: हाउ टू ब्रेक
२:१७ – चॅट: लॅग आहे का सर्व्हरला
२:१९ – चॅट: दादा ओपी द्या ना
२:१९ – मॉड: रूल्स वाच. ओपी मागितलं तर म्यूट
२:२० – लेफ्ट

ब्लॉकच्या नोंदीत या माणसाचं काहीच नाही. परवानगी नसल्यामुळे रद्द झालेली तोडफोड तिथे लिहिली जात नाही. त्यामुळे नंतर बघणाऱ्या मॉडला वाटतं, आला, काही केलं नाही, ओपी मागितलं आणि गेला. फुकट्या असणार. वरून खाली वाचलं तर दिसतं की त्याने नीट प्रश्न विचारले होते आणि त्यांना कुणीच उत्तर दिलं नव्हतं. उत्तर आलं ते त्याच्या एकमेव चुकीच्या मागणीला, तेही अर्ध्या मिनिटात. म्हणजे मॉड जागा होता. त्याने चॅट वाचलंही असेल. 'झाड तुटत नाहीये' हे त्याच्या कामाचं वाक्य आहे असं त्याला वाटलं नाही, एवढंच.

झाड का तुटत नव्हतं

माणसांकडे वळण्याआधी तांत्रिक कारणं मिटवून घ्या. यातली बरीचशी स्टाफला कधी जाणवतच नाहीत, कारण स्टाफकडे ओपी असतं.

पहिला गुन्हेगार स्पॉन-प्रोटेक्शन. सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये हा आकडा मुळात १६ असतो, म्हणजे स्पॉनच्या भोवती ३३ बाय ३३ ब्लॉकच्या चौकोनात ओपी सोडून कुणालाही काही तोडता-लावता येत नाही. आणि त्याचा कसलाही संदेश येत नाही. ब्लॉक तुटल्यासारखा दिसतो आणि परत जागेवर येतो. नवख्याला वाटतं लॅग आहे. तुम्ही ओपी असल्यामुळे तुमच्या हातून तो तुटतो, आणि तुम्ही म्हणता 'माझ्याकडे तर चालतंय'. स्पॉन राखायला वर्ल्डगार्ड लावलेलाच असेल तर हा आकडा ० करा आणि राखण एकाच ठिकाणाहून चालू द्या. वर्ल्डगार्डमध्ये 'डिनाय-मेसेज' नावाचा फ्लॅग आहे. तिथलं इंग्रजी वाक्य काढून रस्ता सांगणारं वाक्य टाका: 'इथे तोडता येत नाही, दगडी कमानीच्या बाहेर जा, तिथे सगळं चालतं.' गेममधल्या अक्षरांत देवनागरी जोडाक्षरं फुटतात, म्हणून रोमन अक्षरांतलं मराठीच बरं. तसंही सगळे चॅटमध्ये तेच लिहितात.

दुसरं, रात्र. घरी एकट्याने नवं वर्ल्ड सुरू केलं की खेळ सकाळी सुरू होतो, हाताशी दहा मिनिटांचा उजेड असतो. सर्व्हरची वेळ कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे नवखा ऐन मध्यरात्री, रिकाम्या हाताने उतरू शकतो. कमानीबाहेर पाऊल टाकलं की झॉम्बी. मेल्यावर सामान जमिनीवर पडतं आणि पाच मिनिटांत नाहीसं होतं, आणि हा परत स्पॉनवर, आपण कुठे मेलो ते माहीत नाही. नेदराइटचं, म्हणजे सगळ्यात मजबूत, चिलखत घालून फिरणाऱ्या स्टाफला रात्र झालेली कळतही नाही. इसेन्शल्सएक्सच्या कॉन्फिगमध्ये 'न्यूबीज' असा वेगळा भाग आहे, तिथे पहिल्यांदा येणाऱ्याला कोणता किट द्यायचा ते ठरवता येतं. मुळात तिथे अवजारांचा किट असतो. त्यात एक पलंग, थोडे पाव आणि टॉर्च घाला. मेल्यावर 'बॅक' (मेलो त्या जागी परत नेणारी कमांड) वापरायची परवानगी नवख्यांना पहिले काही तास द्या. लकपर्म्समध्ये मुदतीची परवानगी देता येते, नंतर ती आपोआप जाते.

याच रात्रीचं एक उपकथानक आहे आणि ते जास्त त्रासदायक आहे. रात्र सरायला किती टक्के लोक झोपले पाहिजेत ते ठरवणारा गेमरूल (गेमचं सेटिंग) १.१७ या आवृत्तीपासून आला, पण त्याची मूळ किंमत १०० आहे. ती कुणी बदलली नसेल तर सर्व्हरवरचे सगळे झोपल्याशिवाय सकाळ होत नाही. जुने आठ जण पलंगावर, आणि एक नवखा मेंढी शोधत फिरतोय. चॅटमध्ये सुरू: 'अरे झोप ना', 'कोण जागं आहे', 'नूब झोप'. त्याला तर पलंग करायला एकाच रंगाची तीन लोकर आणि तीन फळ्या लागतात हेही माहीत नाही. सर्व्हरवर येऊन पाच मिनिटं झाली नाहीत आणि आठ अनोळखी लोक ओरडतायत. गेमरूल ३० च्या आसपास आणा, वाद मिटतो.

तिसरं कारण मोबाइलवाल्यांचं, आणि आपल्याकडे नवखे बहुतेक मोबाइलवरूनच येतात. फ्लडगेट बेडरॉकच्या (मोबाइलवर चालणाऱ्या आवृत्तीच्या) खेळाडूंच्या नावाआधी एक टिंब लावतो आणि नावातली मोकळी जागा अंडरस्कोअरने भरतो. जावावाल्यांशी नावं एक होऊ नयेत म्हणून ते ठीकच आहे. पण पोरगं मित्राला स्वतःचं नाव सांगतं ते एक्सबॉक्सवरचं, टिंबाशिवाय. मित्र 'ट्रस्ट' करतो (आपल्या जागेत काम करू देतो), उत्तर येतं खेळाडू सापडत नाही. 'टीपीए' करतो (त्याच्याकडे टेलिपोर्ट व्हायची विनंती), तेच. दोघं शेजारी शेजारी उभे आहेत, एकमेकांना उड्या मारून दाखवतायत, आणि सर्व्हर म्हणतो असा माणूसच नाही. हा घोळ मी हेल्पॉपवर (स्टाफला मदत मागायच्या कमांडवर) जितक्या वेळा पाहिलाय तितका दुसरा कुठलाच नाही. उत्तर एका ओळीचं आहे, 'नावाच्या आधी टिंब लावा', ते स्पॉनवरच्या पाटीवर आणि प्रत्येक हेल्परच्या, म्हणजे मदतीला नेमलेल्या खेळाडूच्या, तोंडावर असलं पाहिजे. मोबाइलवरूनच येता येत नाही अशी तक्रार असेल तर पोर्ट बघा: जावाचा नेहमीचा २५५६५, बेडरॉकचा १९१३२, आणि बेडरॉकचा यूडीपीवर चालतो. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये तो वेगळा उघडावा लागतो.

चॅट फिल्टरही एकदा तपासा. इंग्रजी शिव्यांची तयार यादी टाकलेली असते आणि ती रोमन मराठीवर बेधडक चालते. दीक्षित आडनावाच्या मुलाने स्वतःचं नाव सांगितलं की त्याच्या नावावर तारे पडतात, वर इशारा. अँटी-स्पॅमचं तसंच. 'कोणी आहे का' हे चारदा विचारणारा माणूस स्पॅमर नसतो, त्याला चारदा उत्तर मिळालेलं नसतं.

हे सगळं तपासायला एक ओपी नसलेलं, कोरं खातं ठेवा. दर महिन्याला स्टाफपैकी एकाने त्या खात्याने, मोबाइलवरून, रात्री आत यायचं आणि घर बांधून दाखवायचं. आळीपाळीने प्रत्येकाने. अ‍ॅडमिनने तर नक्की.

पहिलं वाक्य

तांत्रिक अडथळे काढले की राहतो तो स्टाफ. इथे मोठ्या स्वागतसंदेशांचा काही उपयोग नाही. इसेन्शल्सएक्सचा रंगीत 'वेलकम' सगळ्यांना दिसतो, त्याखाली चार जुने खेळाडू सवयीने 'वेलकम' टाइप करतात, आणि तेवढ्यात नवख्याचा पहिला प्रश्न वर सरकून जातो. स्वागत पोचलं, प्रश्न हरवला.

आमच्या हेल्परांना मी एवढंच सांगतो: पहिलं उत्तर त्याने विचारलेल्या गोष्टीचं द्यायचं, नियमांचं नाही. 'झाड तुटत नाहीये' ला उत्तर, 'ते स्पॉनच्या हद्दीत आहे, कमानीच्या बाहेर ये, मी तिथे उभा आहे.' त्यात जागा आहे, कारण आहे आणि माणूस आहे. 'ओपी द्या' ला उत्तर, 'ओपी कुणालाच मिळत नाही, पण तुला नेमकं काय करायचंय?' दहापैकी बऱ्याच वेळा उत्तर येतं 'घर बांधायचंय' किंवा 'मित्राकडे जायचंय'. ओपी म्हणजे काय हे त्याला माहीतही नसतं, कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेलं असतं.

लगेच दुसरा प्रश्न: माइनक्राफ्ट आधी खेळून झालंय, की गेमच नवा आहे? हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन वर्षं एकट्याने खेळून एंडर ड्रॅगन मारलेल्याला तुम्ही लाकूड कसं तोडायचं सांगायला लागलात तर तो वैतागणार. त्याला जमीन क्लेम कशी करायची, मित्राला ट्रस्ट कसं करायचं, बाजार कुठे भरतो, एवढंच हवं असतं. आणि ज्याला गेमच नवा आहे त्याच्यापुढे क्लेम ब्लॉकचं गणित मांडलंत तर तो फोन ठेवून देईल.

क्लेमचं गणित म्हटलं तर थोडं सांगतो, कारण इथे समजावणारेच गोंधळतात. ग्रीफप्रिव्हेन्शनच्या मूळ सेटिंगमध्ये नवख्याने पहिली पेटी ठेवली की तिच्याभोवती ९ बाय ९ जागा आपोआप त्याच्या नावावर होते. म्हणजे सोन्याचं फावडं घेऊन कोपरे धरून क्लेम कसा करायचा, हे पहिल्या दिवशी काही काही सांगायची गरज नाही. 'घर जिथे हवं तिथे आधी पेटी ठेव' एवढं एक वाक्य पुरतं. सुरुवातीला १०० क्लेम ब्लॉक असतात (तेवढी जागा नावावर करता येते), त्यातले ८१ इथे गेले, पुढचे तासाला १०० या दराने जमतात. फावड्याचा धडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तो स्वतः 'जागा कमी पडतेय' म्हणून येतो तेव्हा.

आणखी एक, आपल्या भाषेमुळे होणारं. चॅटमध्ये प्रत्येकाला 'भावा' म्हणायची आणि 'कुठून आलास' विचारायची सवय लागलेली असते. मुली आणि बायकाही खेळतात, बऱ्याचशा ते न सांगता. 'घर कुठे बांधायचं ठरलंय?' असं विचारलं की कुणालाच खुलासा करावा लागत नाही. समोरचा बारा वर्षांचा आहे असंही धरून चालू नका. पोराला सर्व्हर कसा आहे ते बघायला आलेले बाबा मी पाहिलेत, आणि त्यांना आमच्या एका हेल्परने 'चल बाळा, झाड तोडायला शिकवतो' म्हटलेलंही.

मदत जास्त झाली तर

याच्या उलट टोकाचा स्टाफही असतो. नवखा आला की हिऱ्याचं चिलखत, क्रिएटिव्ह मोडमध्ये (जिथे सगळं सामान फुकट मिळतं) जाऊन दोन मिनिटांत बांधून दिलेलं घर, स्वतःच्या बेसवर टेलिपोर्ट. हेतू चांगला. दुसऱ्या दिवशी त्या पोराकडे करायला काही उरत नाही, कारण सर्व्हायव्हलमधली पहिल्या आठवड्याची सगळी गंमत तुम्ही एका संध्याकाळी उरकून टाकलीत. शिवाय शेजारचा नवखा विचारतो, मला का नाही. शेजारी उभं राहा, स्वतःच्या हाताने एक झाड तोडून दाखवा, त्याला जागा निवडू द्या, आणि तो कामाला लागला की निघा. अदृश्य होऊन त्याच्यामागे फिरू नका. मोबाइलवर खेळणाऱ्याला तुम्ही दिसत नसाल, पण त्याच्या शेजारचं दार आपोआप उघडलेलं दिसतं.

रँकचा आणि दुकानाचा विषय पहिल्या दिवशी काढूच नये. पैसे देऊन खेळात वरचढ होता येईल असं काही विकू नये हा मोजांगचा (माइनक्राफ्ट बनवणाऱ्या कंपनीचा) नियम २०१४ पासून आहे, त्यामुळे बऱ्याच सर्व्हरच्या दुकानात जे असतं ते नियमातही बसत नाही. पण तो वेगळा विषय.

पहिला गुन्हा

आता गव्हाचं शेत. नवखा चालत जातो, पीक दिसतं, उपटतो. कच्चं उपटलं म्हणून हातात नुसतं बी येतं, म्हणून आणखी उपटतो. शेताचा मालक येतो, चॅट पेटतं, मॉड जेलमध्ये टाकतो. कागदोपत्री बरोबर आहे. नियम दोनमध्ये लिहिलंय, दुसऱ्याचं तोडू नये.

करायचं क्रमाने असं. आधी 'को रोलबॅक', त्या खेळाडूचं नाव, अर्धा तास, पंधरा-वीस ब्लॉकची त्रिज्या. शेत जसंच्या तसं उभं राहतं. मग मालकाला सांगा, शेत परत आलंय. राग तिथेच अर्धा होतो. मालकाला हेही सांगा की शेत क्लेममध्ये असतं तर हे झालंच नसतं. सगळ्यात शेवटी नवख्याकडे. जेलमध्ये नाही, शेतावर. 'हे कुणीतरी लावलेलं आहे. तुला गहू हवा असेल तर बी इथलं गवत तोडून मिळतं, पाण्याजवळ लाव.' बस.

मग खरा उपद्रवी ओळखायचा कसा? नवखा समोर येईल त्याला हात घालतो आणि काही लपवत नाही. उपद्रवी पेटीपर्यंत पोचतो. पेटीतून काय गेलं ते कोअरप्रोटेक्टच्या कंटेनरच्या नोंदीत दिसतं, आणि तिथे पाव आणि दगड सोडून फक्त हिरे गेले असतील तर तो नवखा नाही. सरळ रेषेत हिऱ्यापासून हिऱ्यापर्यंत गेलेला बोगदा हाही नवख्याचा नसतो. आणि माझ्या पाहण्यात उपद्रवी माणूस चॅटमध्ये 'कोणी आहे का' असं सहसा विचारत नाही, कुणी नसलेलंच त्याला हवं असतं. एकदा नीट सांगूनही तेच केलं, तर मग तुमच्याकडे जेल, म्यूट, बॅन सगळं आहेच. पीव्हीपी (खेळाडूंनी एकमेकांना मारणं) चालू असलेल्या सर्व्हरवर स्पॉनपाशी नवख्यांना मारत बसणारे जुने खेळाडू मात्र पहिल्या वेळेलाच थांबवा. ग्रीफप्रिव्हेन्शनमध्ये नुकत्याच स्पॉन झालेल्या, रिकाम्या हाताच्या खेळाडूला वाचवणारी सेटिंग आहे, ती चालू आहे ना ते बघा. ईव्ह ऑनलाइन हा आइसलँडच्या कंपनीचा खेळ २००३ पासून चालू आहे आणि त्यात एकमेकांना लुटणं-फसवणं राजरोस चालतं, पण नवखे जिथून सुरुवात करतात त्या सूर्यमालांमध्ये त्यांना छळणं तिथेही नियमाने बंद आहे. इतक्या निर्दय खेळाला जे पटलं ते आपल्या गहू-बटाट्याच्या सर्व्हरला पटायला हरकत नसावी.

हेल्पर कोणाला करायचं

स्टाफ भरतीचा फॉर्म उघडून बघा. 'कुणी हॅक करताना दिसलं तर काय कराल', 'दोन खेळाडू भांडले तर काय कराल', 'रोज किती तास देऊ शकता'. पलंग कसा करायचा हे पाचव्यांदा विचारणाऱ्याला काय सांगाल, असा प्रश्न मी एकाही फॉर्मवर पाहिलेला नाही. म्हणून येतात ते पोलिस व्हायला आलेले.

नवख्यांसाठीचा माणूस शोधायचा तर चॅटच्या नोंदीत शोधा. कुठलाही रँक नसताना 'टिंब लाव नावाआधी' असं सांगणारे दोन-तीन जण प्रत्येक सर्व्हरवर असतात. त्यांना विचारा. आणि विचारताना चमकदार बिल्ला पुढे करू नका. फायनल फँटसी फोर्टीन या ऑनलाइन खेळात नवख्याच्या नावाशेजारी कोवळ्या रोपाचं चिन्ह येतं आणि मदत करणाऱ्या मेंटरला मुकुट. रोपाची कल्पना उत्तम चालली, कोण नवं आहे ते सगळ्यांना एका नजरेत कळतं. मुकुटाची मात्र तिथल्याच खेळाडूंनी थट्टा केली, कारण पुष्कळांनी तो मिरवायला घेतला. आपल्याकडे लकपर्म्समधून नवख्याच्या नावामागे पहिले काही तास एक हिरवी खूण लावता येते. ती लावा. हेल्परला फक्त हेल्पॉप वाचायची आणि टेलिपोर्टची परवानगी द्या. म्यूट आणि जेल त्याच्या हातात नको, म्हणजे ते वापरायचा मोहच नाही.

वयाची भानगड

'डिस्कॉर्डवर ये, तिथे तिकीट टाक' हे उत्तर बंद करा. डिस्कॉर्डला किमान वय १३ आहे आणि तुमचे निम्मे नवखे पाचवी-सहावीतले असू शकतात. म्हणजे तुम्ही मुलाला खोटं वय टाकायला सांगताय. जे काही आहे ते गेममध्येच सुटलं पाहिजे.

बोलणं उघड्या चॅटमध्ये किंवा जिथे दुसराही स्टाफ वाचतोय अशा ठिकाणी. एकट्या हेल्परने नवख्या मुलाशी खासगीत तासन्‌तास बोलायचं नाही, फोन नंबर मागायचा नाही, शाळा-गाव विचारायचं नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर घ्यायचं नाही. हेल्पर स्वतः सतरा वर्षांचा असला तरी हाच नियम. मुलानेच चॅटमध्ये नंबर टाकला तर तो लगेच पुसा आणि त्याला समजावा, ओरडू नका. याबाबत मी कुणाशी वाद घालत नाही.

सगळं करूनही फरक नाही पडला तर

वेळा जुळवून बघा. पहिल्या यादीतल्या लोकांच्या जॉइन होण्याच्या वेळा एका बाजूला, स्टाफच्या वेळा दुसऱ्या बाजूला. स्टाफ कॉलेजातला, म्हणजे रात्री दहा ते दोन हजर. शाळेतली पोरं सुट्टीत येतात दुपारी, जेवण झाल्यावर, घरचे झोपलेले असताना. त्या दोन-तीन तासांत सर्व्हरवर स्टाफ कुणीच नसतो, आणि रात्री जागणाऱ्या स्टाफला प्रामाणिकपणे वाटतं की नवखे फारसे येतच नाहीत. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत दुपारी दोन ते पाच रोज एक माणूस, आधी नावानिशी ठरवून. पाळी दीड-दोन तासांहून मोठी नको. तेच तेच प्रश्न ऐकून माणूस चिडचिडा होतो, आणि चिडलेला हेल्पर नसलेल्या हेल्परपेक्षा वाईट. कुणी मिळालंच नाही तर त्या वेळेपुरतं स्पॉनवर एक वही ठेवा, लेक्टर्नवर (पुस्तक ठेवायच्या स्टँडवर), सहा पानांची: कमान कुठे, पेटी आधी, टिंब, पलंग, रात्री काय. मोबाइलवर वाचता येईल अशी छोटी वाक्यं. सहाव्या पानावर नियम.

आणि पंधरा दिवसांनी स्टॅट्सच्या फाइली परत उघडा. लीव्ह गेमचा १ हा आकडा २ झालेले किती, तेवढंच मोजा.